आधी यादी, मग परीक्षेची तारीख

अमेरिकेत भूजलशास्त्रात एमएस करायला अर्ज करायचे असं माझं पक्कं झालं, तेव्हा भेटेल तो एकच विचारायचा, "जीआरई कधी देतेस?" जीआरई म्हणजे तिकडच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. बरेच आठवडे मी त्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हते. अर्ज कुठे करायचे ते ठरल्याशिवाय परीक्षेची तारीख कशाच्या आधारावर घ्यायची, हेच मला कळत नव्हतं. आसपास पाहिलं तर उलटा क्रम दिसायचा. आधी तारीख, मग गुण, मग त्या गुणांत 'बसणारी' विद्यापीठं. हा क्रम मला आजही पटत नाही. गुणांपासून सुरुवात केली की शिकायचं काय होतं ते वाटेत कुठे गळून पडतं, हे लक्षातही येत नाही. शिवाय परीक्षेचे नियमच असे आहेत की यादी हाताशी असेल तर त्यांचा फायदा होतो. त्याबद्दल पुढे सांगते.

मला फॉल २०२५ ला, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्राला, प्रवेश हवा होता, म्हणजे अर्ज डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये जाणार. सिव्हिल इंजिनिअरिंग झाल्यावर मी एका सल्लागार कंपनीत भूजलाची कामं करत होते: निरीक्षण विहिरींच्या पातळ्या, पंपिंग टेस्ट (विहिरीतून पाणी उपसून पातळी कशी बदलते ते मोजणं), आणि त्या आकड्यांवरून मॉडफ्लोमध्ये मॉडेल बांधणं. मॉडफ्लो हा अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा, यूएसजीएसचा, भूजलाचा प्रवाह गणिताने मांडणारा प्रोग्राम. १९८४ साली पहिल्यांदा सगळ्यांसाठी खुला झाला आणि आजही फुकट मिळतो. या कामातून एक प्रश्न माझ्या मागे लागला होता. विहिरींतून किती पाणी उपसलं जातं याची नोंदच नसेल, तर जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा जमिनीखालचा थर, किती वर्षं पुरेल हे कशावरून सांगायचं? माझ्या मॉडेलमधला उपशाचा आकडा नेहमी अंदाजाचा असायचा, आणि सगळं उत्तर त्याच आकड्यावर उभं असायचं. मला शिकायचं होतं ते हे.

म्हणून यादीची सुरुवात मी रँकिंगपासून केली नाही, शोधनिबंधांपासून केली. रँकिंगला माझा राग नाही, पण ते काय मोजतं हे पाहून घ्यावं. क्यूएस या संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत ३० टक्के भार शैक्षणिक प्रतिष्ठेला आहे, म्हणजे प्राध्यापकांना पाठवलेल्या सर्वेक्षणातल्या मतांना, आणि आणखी १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांना. हा आकडा अख्ख्या विद्यापीठाचा असतो. त्यातल्या एका विभागात भूजलावर काम करणारी दोनच माणसं आहेत आणि त्यातलं एक पुढच्या वर्षी निवृत्त होतंय, हे त्या आकड्यात कुठेही दिसत नाही. मी ज्या निबंधांवर खुणा करून ठेवल्या होत्या, त्यांच्या लेखकांची नावं आणि संस्था एका शीटमध्ये उतरवल्या. काही नावं सारखी सारखी येऊ लागली. माझी यादी त्यांच्यातूनच बनली.

सगळ्यात आधी वर आलं कॅन्सस. हाय प्लेन्स जलधर अमेरिकेतल्या आठ राज्यांखाली पसरलेला आहे, कॅन्सस त्यांतलं एक, आणि त्याच्या दक्षिण व मध्य भागात सिंचनासाठीचा उपसा पुनर्भरणापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण कॅन्ससची एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. तिथे सिंचन विहिरींच्या उपशाचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो. म्हणजे मी अंदाजाने भरत होते तो आकडा तिथे मोजलेला मिळतो. वायव्य कॅन्ससमधल्या शेरिडन-६ भागात तर २०१३ पासून शेतकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन उपसा सुमारे २० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं, आणि त्याचा पातळ्यांवर काय परिणाम झाला यावर लॉरेन्समधल्या कॅन्सस भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने काम केलंय. ते सर्वेक्षण कॅन्सस विद्यापीठाचाच संशोधन विभाग आहे. रँकिंग वरून खाली वाचत गेले असते, तर या विद्यापीठापर्यंत पोहोचायच्या आधीच थांबले असते.

टेक्सासचं ऑस्टिन यादीत आलं ते वेगळ्या कारणाने. तिथल्या अवकाश संशोधन केंद्राचा ग्रेस मोहिमेत मुख्य वाटा होता. २००२ च्या मार्चमध्ये सोडलेले ते दोन जुळे उपग्रह एकामागून एक फिरत, आपापसातलं अंतर अतिशय बारकाईने मोजत आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणातले फरक काढत. जमिनीखालचं पाणी कमी झालं की वस्तुमान कमी होतं, आणि ते त्या अंतरात उमटतं. २०१७ ला ती मोहीम संपली आणि २०१८ मध्ये पुढची जोडी गेली. ज्या मुलखात विहिरींना मीटर नाहीत तिथे हा फार मोठा आधार आहे. ॲरिझोना आलं ते जलशास्त्राच्या जुन्या परंपरेमुळे आणि १९८० च्या भूजल व्यवस्थापन कायद्यामुळे. नेब्रास्का, कोलोराडो स्कूल ऑफ माइन्स आणि इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन ही नावं अशीच निबंधांतून आली.

इथे एक अडचण येते, ती कुणी आधी सांगत नाही. भूजल कुठल्या एका विभागात नसतं. कुठे ते सिव्हिल अँड एन्व्हायर्नमेंटलमध्ये, कुठे जिओसायन्सेसमध्ये, कुठे कृषी अभियांत्रिकीत, आणि ॲरिझोनासारख्या ठिकाणी जलशास्त्र आणि वातावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग. एकाच विद्यापीठातल्या दोन विभागांची डेडलाइन वेगळी, जीआरईबद्दलचं धोरण वेगळं, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची किमान अट वेगळी. म्हणून शीटमध्ये मी ओळ विद्यापीठाची ठेवली नाही, विभागाची ठेवली. प्रत्येक ओळीत कुणाचं काम मला हवंय, थीसिस आहे की नुसता कोर्सवर्क, एमएसच्या मुलांना पैसे मिळतात का, आणि डेडलाइन. जीआरईचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तो भरताना चित्र बदललं. २०२० नंतर अनेक विभागांनी जीआरई सोडली, हे ऐकून होते, पण माझ्या यादीत तीन तऱ्हा निघाल्या. काहींना ती लागतेच. काहींना 'ऑप्शनल'. आणि काही स्पष्ट लिहितात की पाठवलीत तरी आम्ही पाहणार नाही. हे प्रत्येक विभागाच्या पानावरच तपासावं, कारण विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलच्या सामान्य पानावर वेगळं काही लिहिलेलं असू शकतं आणि धोरण दरवर्षी बदलतं. माझ्या यादीत सक्तीचे विभाग थोडेच होते. तरीही मी परीक्षा द्यायची ठरवली. माझे दुसऱ्या वर्षाचे गुण कमी होते आणि त्यात गणिताचे विषय होते. ज्या विभागात गुण वाचले जाणार, तिथे क्वांटचा, म्हणजे जीआरईतल्या गणिताच्या भागाचा, चांगला आकडा त्या सेमिस्टरच्या शेजारी ठेवता येईल, हा माझा हिशोब होता. ज्याची गुणपत्रिका स्वच्छ आहे आणि ज्याच्या यादीत सक्ती कुठेच नाही, त्याने ते महिने एसओपीला (अर्जासोबतच्या उद्देशपत्राला) आणि प्राध्यापकांचं काम वाचायला द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

प्राध्यापकांना मेल मी ऑगस्टमध्ये लिहायला लागले. छोटे मेल: तुमचा अमुक निबंध वाचला, माझ्या कामात हीच अडचण अशी येते, पुढच्या फॉलला तुम्ही विद्यार्थी घेताय का. सीव्ही जोडलेला. बऱ्याच जणांकडून काहीच उत्तर आलं नाही. ते साहजिक आहे, त्यांच्याकडे असे मेल रोज येतात. पण आलेल्या उत्तरांपैकी एकाने परीक्षांकडे बघण्याची माझी नजर बदलली. त्या प्राध्यापिकेने लिहिलं की पहिल्या वर्षी त्यांच्या अनुदानातून आरए (संशोधनात मदत करण्याचं पगारी काम) देता येईल की नाही हे नक्की नाही, पण विभागाची टीएशिप (शिकवण्यात मदत करण्याचं पगारी काम) मिळू शकेल. तेवढं टोफेलचं स्पीकिंग बघ.

तोवर मी टोफेलकडे केवळ एक औपचारिकता म्हणून पाहत होते, एकूण गुण किमान अटीच्या वर गेले की झालं. पण वर्गात शिकवायचं असेल तर अनेक विद्यापीठं स्पीकिंगची वेगळी, जास्त कडक अट लावतात. इलिनॉयसारख्या राज्यात तर शिकवणाऱ्याचं तोंडी इंग्रजी तपासणं कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणजे ज्या परीक्षेला आपण दुय्यम समजतो, तिच्या एका भागावर शिक्षणाचा खर्च अवलंबून असू शकतो. मी तयारीचा वेळ सरळ फिरवला. जीआरईच्या शब्दयाद्यांचा वेळ कमी केला आणि रोज संध्याकाळी घड्याळ लावून बोलायचा सराव सुरू केला. फोनवर रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, पुन्हा बोलायचं. (मी दिली ती १२० गुणांची टोफेल. जानेवारी २०२६ पासून तिची रचना बदलली आणि गुण १ ते ६ च्या श्रेणीत येऊ लागले. त्यामुळे विभागाच्या पानावरची अट कुठल्या पद्धतीतली आहे हे आता बघावं लागेल.)

आता तारखा. यादीतली सगळ्यात लवकरची डेडलाइन १ डिसेंबरची होती, म्हणून तिथून मागे मोजत आले. जीआरईचे अधिकृत गुण परीक्षेनंतर ८ ते १० दिवसांत येतात. विद्यापीठाच्या खात्यात ते उमटायला आणखी काही दिवस धरावेत. दोन परीक्षांमध्ये किमान २१ दिवसांचं अंतर लागतं, आणि कुठल्याही सलग १२ महिन्यांत पाचपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही. म्हणजे दुसऱ्यांदा द्यायची वेळ आलीच, तर ती उशिरात उशिरा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पण नोव्हेंबरात आमची निरीक्षण विहिरींची फेरी असते, तेव्हा मी आठवडाभर धड घरी नसते. म्हणून दुसरी संधी ऑक्टोबरच्या मध्यात ठेवली आणि पहिली तारीख सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घेतली. टोफेल तिच्यानंतर, मध्ये पुरेसे दिवस सोडून. ती तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा देता येते, त्यामुळे मागे ठेवली तरी चालते. ज्यांना वर्षभर थांबून अर्ज करायचा असेल त्यांनी एक लक्षात ठेवावं: जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, टोफेल आणि आयईएल्टीएस (इंग्रजीचीच दुसरी परीक्षा) यांचे दोनच.

स्लॉट घेताना मी सकाळचा घेतला, कारण सरावही सकाळीच करत होते. नोंदणी करताना नाव अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणे घालावं लागतं. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी दोन्ही नावं एकत्र. परीक्षा, अर्ज, ट्रान्सक्रिप्ट, शिफारसपत्र सगळीकडे एकच रूप राहील हे मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं आणि सगळ्यांना तेच कळवलं.

परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई छोटी झाली आहे, एक तास ५८ मिनिटं. एक निबंध ३० मिनिटांचा, व्हर्बलचे, म्हणजे भाषेचे, दोन भाग १८ आणि २३ मिनिटांचे, क्वांटचे २१ आणि २६. पहिल्या भागात कसं केलं त्यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिला भाग घाईत सोडवू नये एवढंच. खरा उपयोगाचा क्षण शेवटी येतो. व्हर्बल आणि क्वांटचे अनौपचारिक गुण पडद्यावर दिसतात, आणि मग चार ठिकाणी ते फुकट पाठवता येतात. यादी तयार असल्याचा फायदा नेमका इथे झाला. आकडा पाहिला, शीटमधले सक्तीचे विभाग डोक्यात होतेच, ते लगेच निवडले. नंतर पाठवायचे झाले तर प्रत्येक ठिकाणाचे वेगळे पैसे पडतात. टोफेलमध्ये मात्र ही फुकटची चार नावं परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंतच देता येतात, म्हणजे गुण पाहायच्या आधी. ज्याची यादी गुणांनंतर बनणार आहे, तो ही सोय कशी वापरणार?

क्वांट मला हवा होता तेवढा आला, व्हर्बल साधारण. ऑक्टोबरची दुसरी तारीख मी घेतलीच नाही. व्हर्बलमधले चार गुण वाढवायला लागणारे आठवडे एसओपीला हवे होते, आणि भूजलाच्या कुठल्याही प्राध्यापकाने माझ्या व्हर्बलवरून निर्णय घेतला असता असं मला वाटत नाही.

शिफारसपत्रांसाठी मी कॉलेजातल्या सरांकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेले. त्यांनी यादी नीट वाचली आणि म्हणाले, "सगळीकडे तेच पत्र टाकू का?"

"सर, चाललं तर कॅन्सस आणि ऑस्टिनसाठी पंपिंग टेस्टच्या प्रोजेक्टबद्दल जास्त लिहाल का? तिथलं काम त्याच्या जवळचं आहे."

"मग मला तसं कागदावर लिहून दे. कुठे काय महत्त्वाचं ते. मला सहा वर्षांपूर्वीचं सगळं थोडंच आठवतंय!"

त्याच संध्याकाळी मी प्रत्येक विभागासाठी चार ओळींची टिपणं करून पाठवली: तिथलं कोण, त्यांचं काम काय, माझ्या कोणत्या कामाशी ते जुळतं. कंपनीतल्या वरिष्ठ मॅडमना आणि तिसऱ्या शिफारसकर्त्यालाही तेच दिलं. पोर्टलमध्ये शिफारस करणाऱ्याचा ईमेल भरला की त्यांना लिंक जाते, आणि प्रत्येक विद्यापीठाचा फॉर्म वेगळा असतो. एका माणसाला सहा-सात फॉर्म भरायला लावतोय याचं भान ठेवून मी सगळ्या लिंक एकाच आठवड्यात पाठवल्या, म्हणजे त्यांनी एका बैठकीत संपवावं. सरांनी एका रविवारी तसंच केलं. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

ट्रान्सक्रिप्टसाठी बऱ्याच विद्यापीठांना अर्जाच्या वेळी स्कॅन केलेली प्रत पुरते, मोहोरबंद मूळ प्रत प्रवेश मिळाल्यावर मागतात. तरी विद्यापीठाच्या खिडकीवर अर्ज आधीच टाकून ठेवला होता, तिथे वेळ लागतो. टक्क्यांचं जीपीएमध्ये रूपांतर कुठेही मनाने केलं नाही. बहुतेक फॉर्म तसं करू नका असंच सांगतात.

शेवटची छाटणी नोव्हेंबरात केली. 'ॲम्बिशिअस, मॉडरेट, सेफ' ही विभागणी मीही केली, पण शीटमधल्या माणसांच्या यादीवर. नुसतं सेफ म्हणून, तिथे जाऊन काय करणार हे माहीत नसलेलं एकही नाव मी घेतलं नाही. जिथे थीसिसचा पर्याय नव्हता ते गेलं. जिथे एकाच प्राध्यापकावर सगळं अवलंबून होतं आणि ते सबॅटिकलवर (लांब रजेवर) निघाले होते, तेही गेलं.

फेब्रुवारी-मार्च २०२५ हा काळ जड गेला. अमेरिकेत केंद्रीय संशोधन अनुदानांवर टाच आली आणि अनेक विद्यापीठांनी त्या वर्षीचे प्रवेश, विशेषतः पीएचडीचे, कमी केले. ज्या प्राध्यापकाशी माझा सगळ्यात जास्त पत्रव्यवहार झाला होता, त्यांनी मोकळेपणाने कळवलं की त्यांचं अनुदान अडकलंय आणि यंदा ते कुणालाच घेऊ शकत नाहीत. माझी सगळी भिस्त त्या एका नावावर असती तर वर्ष गेलं असतं. ज्या ठिकाणी विभागाच्या टीएशिपचा मार्ग होता, तिथे मात्र टोफेलच्या स्पीकिंगने हात दिला. हाय प्लेन्सच्या पट्ट्यातल्या एका विद्यापीठाचं टीएशिपसह पत्र मार्चच्या शेवटी आलं.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव मान्य केला आहे. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला त्या तारखेच्या आधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. नुसता प्रवेश असेल, पैसे नसतील, तर हा ठराव लागू होत नाही. तिथे पत्रातली तारीखच खरी. मला दुसऱ्या एका विभागाकडून आरएबद्दल कळायचं होतं, म्हणून मी ती मुदत वापरली. त्यांना मेल करून थेट विचारलं की निर्णय १५ च्या आधी होईल का. त्यांनी नाही म्हणून कळवलं, तेही वेळेत.

मी टीएशिप स्वीकारली. त्याच दिवशी बाकीच्या सगळ्या ठिकाणी, अजून निर्णय न कळवलेल्यांनाही, माझा अर्ज मागे घेतल्याचं लिहिलं. प्रतीक्षा यादीवर कुणीतरी माझ्यासारखंच तारीख मोजत बसलेलं असतं, आणि १५ एप्रिलच्या आधी मोकळी झालेली जागा त्यांना मिळू शकते.